अनेक राउटरांच्या घरात भाडेकरूंसाठी स्वतंत्र बिनतारी जाळे : कुरुळी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पुणे-नाशिक महामार्गाने मोशी सोडून इंद्रायणी ओलांडली की चाकणच्या अलीकडे खेड तालुक्यातील कुरुळी हे गाव लागते. चाकण औद्योगिक क्षेत्रात बजाज ऑटोचा कारखाना १९९९ मध्ये, फोक्सवॅगनचा २००९ मध्ये आणि महिंद्राचा २०१० मध्ये सुरू झाला. या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे असंख्य लहानमोठे उद्योग त्यांच्या पाठोपाठ आले. त्यामुळे कुरुळी, निघोजे, चिंबळी, म्हाळुंगे या गावांचे रूप पालटले. शेतीवर उभी असलेली कुटुंबे घरभाड्यावरही उभी राहिली. तळमजल्यावर मालकाचे कुटुंब आणि वरच्या मजल्यांवर ओळीने काढलेल्या खोल्यांतून तीन पाळ्यांत काम करणारे कामगार, अशी घररचना या पट्ट्यात सर्रास आढळते.

अशा घरात आज पाणी आणि वीज यांच्या जोडीने इंटरनेटचीही मागणी होते. मालकाने घेतलेली फायबर जोडणी एक असते. ती वापरणारे मात्र अनेक आणि बहुधा एकमेकांना अपरिचित असतात. एका राउटरचा संदेश सिमेंट-लोखंडाच्या स्लॅबमधून वर पोहोचत नाही, म्हणून प्रत्येक मजल्यावर आणखी एक राउटर लावला जातो आणि सर्वांना एकच पासवर्ड दिला जातो. परिणामी मालकाच्या घरातील कॅमेरे, छापयंत्र, संगणक आणि भाडेकरूंचे भ्रमणध्वनी हे सारे एकाच जाळ्यात येतात. घराला कुलूप आणि जाळ्याला मात्र दारच नाही, अशी ही अवस्था होय.

हे टाळण्यासाठी भाडेकरूंकरिता स्वतंत्र बिनतारी जाळे उभारणे आवश्यक ठरते. राउटर एकच असेल तर त्यातील ‘पाहुणे जाळे’ ही सोय सुरू केली की काम भागते. राउटर अनेक असतील तेव्हा प्रश्न अवघड होतो. तो का अवघड होतो आणि कसा सोडवावा, हे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. सामायिक बिनतारी जोडणीतील जोखीम महाराष्ट्रातील घटनांच्या आधारे स्पष्ट करणे.
२. अनेक राउटर असताना ‘पाहुणे जाळे’ अपुरे का पडते, याची मीमांसा करणे.
३. स्वतंत्र जाळे उभारण्याच्या तीन पद्धतींचे गुणदोष सांगणे.
४. मालकाची जबाबदारी आणि भाडेकरूचा खासगीपणा यांचा मेळ कसा घालावा, याचा विचार करणे.

पार्श्वभूमी : २००८ सालचा धडा

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद शहरात साखळी बॉम्बस्फोट झाले व त्यांत ५० हून अधिक लोकांचा बळी गेला. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना एक ई-पत्र मिळाले होते. तपासाचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेपर्यंत पोहोचला. तेथे राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाची असुरक्षित वाय-फाय जोडणी वापरून ते पत्र पाठविले गेले होते. ज्याच्या नावे जोडणी होती त्यालाच प्रथम चौकशीस सामोरे जावे लागले. पुढे २३ ऑगस्ट २००८ रोजी पाठविलेल्या अशाच एका पत्राचा माग मुंबईतील माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जोडणीपर्यंत गेला, तर १३ सप्टेंबर २००८ च्या दिल्ली स्फोटांच्या वेळचे पत्र चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या जोडणीवरून गेल्याचे आढळले. एक घर, एक महाविद्यालय आणि एक कार्यालय अशी ही तीन उदाहरणे आहेत.

या घटनांनंतर दूरसंचार विभागाने २३ फेब्रुवारी २००९ रोजी इंटरनेट सेवा पुरवठादारांना सुरक्षित वाय-फाय वापराबाबत सूचना दिल्या. ओळख पटल्याशिवाय कोणास जोडणी मिळू नये, हा त्यांचा रोख होता. तत्पूर्वी, जानेवारी २००५ मध्ये केंद्र शासनाने २.४ गीगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला होता. म्हणजे लहरी मोकळ्या झाल्यानंतर चार वर्षांनी त्यांच्या वापराच्या जबाबदारीचा विचार झाला. बाहेरच्या जगाला घरातील सर्व उपकरणे एकाच सार्वजनिक पत्त्याने दिसतात, हे या घटनांचे तांत्रिक मर्म होय. त्या पत्त्यामागे मालक होता की दुसऱ्या मजल्यावरील भाडेकरू, हे पुरवठादाराच्या नोंदीवरून कळत नाही. ते कळू शकेल अशी व्यवस्था घरातच असावी लागते.

मूलभूत संकल्पना

पुढील विवेचनासाठी काही संज्ञांचा अर्थ निश्चित करणे उपयुक्त ठरेल.

राउटर : घरातील जाळे आणि बाहेरचे जाळे यांच्या सीमेवर बसून दोहोंमधील माहितीची ने-आण करणारे उपकरण. घरगुती राउटरच्या एकाच पेटीत चार कामे एकवटलेली असतात : मार्ग ठरविणे, उपकरणांना पत्ते वाटणे, तारांच्या जोडणीसाठी स्विच पुरविणे आणि बिनतारी प्रक्षेपण करणे.

अॅक्सेस पॉइंट : यांपैकी केवळ तार व लहरी यांना जोडण्याचे काम करणारे उपकरण. ते पत्ते वाटत नाही, सीमेवर पहाराही देत नाही. बहुतेक घरगुती राउटर या पद्धतीने चालविता येतात.

एसएसआयडी : भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसणारे जाळ्याचे नाव. दोन निराळी नावे दिसली म्हणजे दोन निराळी जाळी झाली, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. एकाच वाड्याच्या दोन दरवाजांवर दोन पाट्या लावल्याने वाडे दोन होत नाहीत.

व्हीलॅन : एकाच तारेतून अनेक जाळ्यांची वाहतूक वेगवेगळी नेण्याची पद्धत. आयईईई ८०२.१क्यू हे तिचे प्रमाणक १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येक माहिती-पुडक्यावर १२ बिटांचा क्रमांक लावला जातो. १ ते ४०९४ पर्यंतचे क्रमांक वापरता येतात.

पाहुणे जाळे अपुरे का पडते?

एकट्या राउटरमध्ये पाहुणे जाळे सुरू केले असता तोच राउटर पाहुण्यांची माहिती ओळखतो, तिला बाहेर जाऊ देतो आणि मालकाच्या जाळ्याकडे वळू देत नाही. ओळखणारा आणि अडविणारा एकच असतो, म्हणून ही व्यवस्था टिकते.

आता दुसऱ्या मजल्यावर तारेने जोडलेला दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून बसविला, असे समजा. त्यावर पाहुण्यांसाठी वेगळे नाव दिले, तरी त्या नावाने आलेली माहिती त्याच एका तारेतून खाली येते. मालकाची माहितीही त्याच तारेतून येते. दोहोंवर कोणतीही खूण नसल्यामुळे खालच्या राउटरला त्या सारख्याच दिसतात, आणि भाडेकरूचा भ्रमणध्वनी मालकाच्या जाळ्यात थेट दाखल होतो. काही उत्पादक अॅक्सेस पॉइंट पद्धतीत पाहुणे जाळ्याची सोय बंदच ठेवतात. काही ती चालू ठेवतात, पण विलगीकरण होत नाही. दुसरी स्थिती अधिक घातक होय, कारण तीत सुरक्षिततेचा केवळ भास असतो.

‘उपकरण-विलगीकरण’ या सोयीबाबतही असाच गैरसमज आहे. ती सुरू केल्यास एकाच अॅक्सेस पॉइंटवरील दोन उपकरणे परस्परांशी बोलू शकत नाहीत. परंतु पहिल्या मजल्यावरील उपकरण तारेमार्गे दुसऱ्या मजल्यावरील उपकरणापर्यंत पोहोचू शकते, कारण तो मार्ग स्विचमधून जातो. तो अडवायचा असेल तर स्विचमध्येही मुखांचे विलगीकरण करावे लागते.

थोडक्यात, अनेक राउटरांच्या घरात दोन जाळी वेगळी ठेवायची असतील, तर वरच्या मजल्यापासून खालच्या सीमेपर्यंत संपूर्ण प्रवासात ती वेगळी राहिली पाहिजेत. त्यासाठी एक तर मार्ग वेगळे हवेत किंवा एकाच मार्गावरील माहितीवर खूण हवी. पुढील पद्धती या एका तत्त्वावर आधारलेल्या आहेत.

पहिली पद्धत : तीन राउटरांची रचना

ही पद्धत साध्या घरगुती राउटरांनी साधते. आधी एक सामान्य चूक पाहणे इष्ट ठरेल. अनेकजण मालकाच्या राउटरच्या मागे दुसरा राउटर जोडतात आणि तो भाडेकरूंना देतात. राउटर आपल्या आतील जाळ्याला बाहेरच्यांपासून वाचवितो, पण आतल्यांना बाहेर जाण्यापासून रोखत नाही. या रचनेत भाडेकरू ‘आत’ आणि मालक ‘बाहेर’ ठरतो. साहजिकच भाडेकरू मालकाच्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचू शकतो आणि मालक मात्र भाडेकरूपर्यंत पोहोचू शकत नाही. संरक्षणाची दिशाच उलटी होते.

यावर उपाय म्हणजे दोघांसाठी स्वतंत्र राउटर ठेवून ते दोन्ही एका मुख्य राउटरच्या मागे जोडणे. नमुन्यादाखल पत्त्यांची आखणी पुढीलप्रमाणे करता येईल :

१. मुख्य राउटर (पुरवठादाराचा) : १९२.१६८.१.१. याचे वाय-फाय बंद ठेवावे व यास अन्य कोणतेही उपकरण जोडू नये.
२. मालकाचा राउटर : बाहेरील बाजू १९२.१६८.१.२, आतील बाजू १९२.१६८.१०.१.
३. भाडेकरूंचा राउटर : बाहेरील बाजू १९२.१६८.१.३, आतील बाजू १९२.१६८.२०.१.
४. वरच्या मजल्यांवरील अॅक्सेस पॉइंट : १९२.१६८.२०.२, १९२.१६८.२०.३ याप्रमाणे. हे सर्व केवळ भाडेकरूंच्या राउटरला तारेने जोडावेत.

राउटरला अॅक्सेस पॉइंट करताना त्यातील पत्ते वाटण्याचे काम बंद करावे आणि तार बाहेरच्या मुखाऐवजी आतील मुखांपैकी एकास जोडावी. राउटरमध्ये अॅक्सेस पॉइंटचा तयार पर्याय असल्यास तोच निवडावा. पत्ते वाटणारे दोघे झाले, की काही भ्रमणध्वनींना चुकीचा मार्ग मिळतो आणि ‘वाय-फाय आहे पण नेट नाही’ ही तक्रार सुरू होते.

या रचनेत दोन ठिकाणी दक्षता हवी. एक, भाडेकरूंच्या बाजूने मुख्य राउटरचे व्यवस्थापन-पृष्ठ उघडता येते. म्हणून त्याचा मूळ पासवर्ड बदलणे अनिवार्य आहे. दोन, ही भिंत आयपीव्ही४ पत्त्यांपुरती असते. पुरवठादार आयपीव्ही६ देत असेल आणि आतील राउटरमध्ये त्याचे ‘पासथ्रू’ चालू असेल, तर त्या मार्गाने भिंतीला खिंडार पडते. आतील दोन्ही राउटरांत ते बंद करावे. पत्त्यांचे रूपांतर दोनदा होत असल्याने काही खेळ व दूरस्थ कॅमेऱ्यांना अडचण येते, ही या पद्धतीची मर्यादा होय.

दुसरी पद्धत : व्हीलॅन

वरील पद्धतीत दोन जाळ्यांसाठी दोन तारा लागतात. मालकाची एखादी खोली दुसऱ्या मजल्यावर असेल किंवा गच्चीवर कॅमेरा असेल, तर एकाच मजल्यावर दोन्ही जाळी न्यावी लागतात. अशा वेळी व्हीलॅन उपयोगी पडते. यासाठी व्हीलॅन जाणणारा राउटर, व्यवस्थापनक्षम स्विच आणि प्रत्येक एसएसआयडीस वेगळा व्हीलॅन क्रमांक देऊ शकणारे अॅक्सेस पॉइंट लागतात. अनेक सामान्य राउटरांवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली बसवूनही हे साधता येते. मात्र ते विशिष्ट राउटर त्या प्रणालीस चालते का, हे आधी पाहावे.

मालकासाठी व्हीलॅन १०, भाडेकरूंसाठी २० आणि कॅमेऱ्यांसाठी ३० असे क्रमांक ठरवावेत. मजल्यांना जोडणाऱ्या तारेतून हे सर्व क्रमांक खुणेसह जावेत आणि अॅक्सेस पॉइंटने प्रत्येक नाव योग्य क्रमांकाशी जोडावे. राउटरमध्ये प्रत्येक व्हीलॅनला वेगळी पत्तेमालिका द्यावी व फायरवॉलचे नियम पुढीलप्रमाणे लिहावेत :

१. भाडेकरूंकडून इंटरनेटकडे : परवानगी.
२. भाडेकरूंकडून मालक व कॅमेरे यांच्याकडे : मनाई.
३. भाडेकरूंकडून प्रत्यक्ष राउटरकडे : मनाई. अपवाद फक्त पत्ता मिळविणे आणि नावांचे पत्त्यात रूपांतर करून घेणे, या दोन सेवांचा.
४. मालकाकडून कॅमेऱ्यांकडे : परवानगी.
५. कॅमेऱ्यांकडून अन्यत्र : मनाई.

तिसऱ्या नियमातील अपवाद विसरल्यास भाडेकरूंना पत्ताच मिळत नाही. उभारणीत सर्वाधिक वेळ खाणारी चूक बहुधा हीच असते. मजल्यामजल्यांतील दुवा तारेऐवजी लहरींचा असेल तर आणखी एक अडचण येते : सामान्य ‘रिपीटर’ व्हीलॅनच्या खुणा पुढे नेईलच याची शाश्वती नसते. शिवाय एकाच रेडिओने घेणे व देणे ही दोन्ही कामे केल्यामुळे वेग सुमारे निम्म्यावर येतो. म्हणून बांधकाम चालू असतानाच भिंतीतून कॅट-५ई किंवा त्याहून वरच्या दर्जाची तार टाकून ठेवावी. अशा तारेची कमाल लांबी १०० मीटर असते. राहत्या घरासाठी ती पुरेशी होय.

तिसरी पद्धत : मेश संच

एकाच उत्पादकाच्या मेश संचात मुख्य घटक व उपघटक परस्परांशी अंतर्गत पद्धतीने बोलतात, आणि अनेक संचांत पाहुण्यांची माहिती वेगळी ठेवून मुख्य घटकापर्यंत आणण्याची सोय असते. भ्रमणध्वनीवरील अॅपमधून हे काम काही मिनिटांत होते. मात्र संच मुख्य राउटर म्हणून चालत असेल, तरच हे विलगीकरण भरवशाचे. तोच संच दुसऱ्या राउटरमागे अॅक्सेस पॉइंट पद्धतीने चालविल्यास आधी सांगितलेली अडचण पुन्हा उद्भवते. निरनिराळ्या उत्पादकांचे घटक बहुधा एकत्र चालत नाहीत. ज्या घरात तार टाकणे शक्य नाही आणि तांत्रिक देखभाल करणारे कोणी नाही, तेथे ही पद्धत स्वीकारार्ह आहे.

लहरींचे नियोजन

जाळे वेगळे झाले तरी हवा एकच असते. २.४ गीगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच आहेत : १, ६ आणि ११. तीन मजल्यांना ते एकेक वाटून द्यावेत. एकाच जाळ्याच्या सर्व अॅक्सेस पॉइंटना नाव, पासवर्ड व सुरक्षा-प्रकार समान ठेवावा, म्हणजे जिना चढणाऱ्या माणसाची जोडणी आपोआप वरच्या मजल्यावर जाते. कोणत्या अॅक्सेस पॉइंटला धरायचे हा निर्णय मुख्यतः भ्रमणध्वनी घेतो. म्हणून प्रक्षेपणशक्ती कमाल ठेवण्याचा मोह टाळावा, अन्यथा तो खालच्या क्षीण संदेशालाच चिकटून राहतो. एकच अॅक्सेस पॉइंट तीन-चार नावे प्रक्षेपित करू लागला, तर नुसत्या घोषणांतच हवेतील वेळ खर्ची पडतो. गरजेपुरतीच नावे ठेवावीत.

पासवर्ड आणि ओळख

वेप ही जुनी सुरक्षापद्धत २००१ मध्येच भेद्य ठरली. डब्ल्यूपीए२ ही २००४ पासून आणि डब्ल्यूपीए३ ही २०१८ पासून उपलब्ध आहे. डब्ल्यूपीए२ मध्ये सर्वांचा पासवर्ड एक असेल, तर तो ठाऊक असलेली व्यक्ती जोडणीच्या आरंभीची देवघेव पकडून दुसऱ्याची हवेतील माहिती उलगडू शकते. डब्ल्यूपीए३ मध्ये हा दोष राहत नाही. म्हणून उपकरणे जुनी नसतील तर डब्ल्यूपीए३ अथवा दोहोंचे मिश्रण वापरावे. बटण वा आठ अंकी पिनने जोडणी देणारी डब्ल्यूपीएस सोय बंद ठेवावी. तिची पिन दोन तुकड्यांत तपासली जाते आणि जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत ती सापडू शकते, हे २०११ मध्ये दाखवून देण्यात आले.

खोली सोडून गेलेल्या भाडेकरूचे काय, हा या पट्ट्यातील खरा व्यावहारिक प्रश्न आहे. कंत्राट संपले की माणूस गाव बदलतो, पण पासवर्ड त्याच्याबरोबर जातो आणि ओळखीच्यांपर्यंत पोहोचतो. सर्वांचा पासवर्ड दर वेळी बदलणे जिकिरीचे असल्याने बहुधा कोणी बदलत नाही. काही अॅक्सेस पॉइंटमध्ये, तसेच ओपनडब्ल्यूआरटीमध्ये, एकाच नावाखाली प्रत्येक खोलीस वेगळा पासवर्ड देता येतो. असे केल्यास एक खोली रिकामी झाली की एकच पासवर्ड रद्द होतो. उपकरणाच्या मॅक पत्त्यावरून माणूस ओळखण्याची जुनी रीत आता विश्वसनीय राहिलेली नाही. अँड्रॉइड १० (२०१९) व आयओएस १४ (२०२०) पासून भ्रमणध्वनी प्रत्येक जाळ्यास यादृच्छिक पत्ता दाखवितात.

जबाबदारी आणि खासगीपणा

स्वतंत्र जाळ्याचा विचार मालकाच्या बचावापुरता करणे एकांगी ठरेल. ज्याच्या हाती राउटर, त्याला कोणते उपकरण केव्हा जोडले गेले आणि कोणत्या संकेतस्थळांची नावे विचारली गेली, हे पाहता येते. रात्रपाळी करून आलेला तरुण गावाकडे कोणाशी बोलतो, कोणत्या नोकरीसाठी अर्ज करतो, कोणत्या आजाराची माहिती शोधतो, याचा मागोवा घेण्याचा अधिकार खोलीभाड्यातून उत्पन्न होत नाही. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. तो प्रामुख्याने शासनसंस्थेला उद्देशून असला, तरी त्यामागील मूल्य घराच्या जिन्यापाशी थांबत नाही. कोणत्या खोलीस कोणता पासवर्ड दिला आणि कोणत्या काळात दिला, एवढी नोंद जबाबदारीसाठी पुरेशी आहे. कोणी काय पाहिले याची नोंद ठेवण्याचे कारण नाही. भाडेकरूंनाही आपसांत विलग ठेवणे हा याच न्यायाचा भाग होय.

इंटरनेटसाठी वेगळे पैसे आकारण्यापूर्वी सेवा-करार वाचणे आवश्यक आहे. घरगुती जोडणीची पुनर्विक्री बहुतेक करारांत निषिद्ध असते. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिलेल्या पीएम-वाणी योजनेत लहान दुकानदारासारख्या व्यक्तीस परवान्याविना सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालविता येते, आणि वापरकर्त्यांच्या ओळखीची व्यवस्था संबंधित समूहक संस्था पाहते. वीस-पंचवीस खोल्यांच्या मालकाने हा पर्याय अवश्य तपासावा.

पडताळणी

उभारणीनंतर चाचणी न करणे म्हणजे कुलूप ओढून न पाहता घराबाहेर पडणे होय. प्रत्येक मजल्यावर भाडेकरूंच्या जाळ्यात जाऊन पुढील गोष्टी तपासाव्यात :

१. इंटरनेट चालते काय?
२. मालकाचे छापयंत्र वा कॅमेरा यांच्या पत्त्यास ‘पिंग’ केल्यास उत्तर येते काय? येता कामा नये.
३. राउटर व अॅक्सेस पॉइंट यांची व्यवस्थापन-पृष्ठे उघडतात काय? उघडत असल्यास ती अडवावीत. तीन राउटरांच्या रचनेत अडविता येत नसतील, तर प्रत्येकाचा पासवर्ड बदलला असल्याची खात्री करावी.
४. भ्रमणध्वनीस हाताने मालकाच्या मालिकेतील पत्ता दिल्यास वाट मिळते काय? मिळता कामा नये.
५. दोन मजल्यांवरील दोन भ्रमणध्वनी एकमेकांना दिसतात काय? दिसता कामा नयेत.

राउटरची प्रणाली अद्ययावत केल्यावर किंवा वीजपुरवठ्यातील बिघाडानंतर राउटर मूळ स्थितीत गेल्यास ही चाचणी पुन्हा करावी.

निष्कर्ष

१. वेगळे नाव म्हणजे वेगळे जाळे नव्हे. माहितीचा संपूर्ण प्रवास वेगळा असेल तरच जाळे वेगळे ठरते.
२. एका राउटरमागे दुसरा जोडून तो भाडेकरूंना देणे ही संरक्षणाची उलटी दिशा आहे. दोन बाजूंना दोन राउटर ही तिची साधी दुरुस्ती होय.
३. एकाच मजल्यावर दोन्ही जाळी हवी असतील तर व्हीलॅन, आणि तार शक्य नसेल तर मेश संच योग्य ठरतो.
४. प्रत्येक खोलीस वेगळा पासवर्ड ही व्यवस्था मालकाला निष्कारण संशयापासून आणि भाडेकरूला निष्कारण पाळतीपासून वाचविते.

२००८ मध्ये ज्या तीन जोडण्यांपर्यंत तपास पोहोचला, त्यांत एक महाविद्यालयाचीही होती. वसतिगृहे, ग्रंथालये आणि प्राध्यापक-निवास असलेल्या प्रत्येक संस्थेची रचना कुरुळीतील त्या तीन मजली घराहून तत्त्वतः वेगळी नाही. तेथेही जोडणी संस्थेच्या नावे असते आणि वापरणारे अनेक असतात. महाविद्यालयांच्या संगणकशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून अशा घरांची व वसतिगृहांची जाळी तपासण्यास व सुधारण्यास सांगितले, तर पाठ्यक्रमातील व्हीलॅन परिसराच्या उपयोगी पडेल. मात्र अशी तपासणी मालक व रहिवासी या दोहोंच्या संमतीनेच व्हावी.